पाठमोरी

“घरभर मऊ शिजवू नकोस, पोर चावायचं विसरेल,” असं सासूबाई म्हणाल्या होत्या तेव्हा ती गाळणी धूत होती. तिनं नळ आणखी मोठा सोडला होता. पुढचं वाक्य पाण्याच्या आवाजात वाहून गेलं आणि सासूबाईंनीही ते पुन्हा उचललं नाही.

त्याला सात-आठ महिने झाले. आज तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत मैद्यात होते आणि तिला सारखं वाटत होतं की आपण मीठ विसरलो.

“आई, मीठ घातलं का मी?”

“घातलंस. दुसऱ्यांदा घालायला निघालीस म्हणून डबा माझ्याकडे घेऊन बसलेय.” सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या आणि मिठाचा डबा खरंच त्यांच्या मांडीवर होता.

“आणि बेकिंग पावडर?”

“ती पण. हातही तीनदा धुऊन झाले. आता मळ बाई.”

ती मळू लागली. सकाळी तिनं ब्रेडस्टिकच्या चार कृती वाचून काढल्या होत्या. तिन्हींत यीस्ट होतं, ते कोमट पाण्यात जागं करायचं, पीठ दोन तास झाकून ठेवायचं, ते फुगलं की परत मळायचं, परत झाकायचं. चौथीत नुसतं दही आणि बेकिंग पावडर, दहा मिनिटं झाकलं की झालं. तिनं चौथी घेतली. चवीचा प्रश्न नव्हता. दोन तास पीठ फुगत बसलं असतं तर तेवढ्यात तिचं धाडस बसलं असतं.

टेबलाखाली तिची लेक लाकडी चमच्यानं फरशी ठोकत होती. सव्वातीन वर्षांची. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण चालायला लागली तीच गिरक्या घेत, म्हणून बापानं तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. हल्ली भिंगरी गिरक्या घेत नसे. दोन फेऱ्यांत दमायची आणि जिथं असेल तिथं बसायची. बसल्या जागी करायचे खेळ तिनं स्वतःच शोधून काढले होते. आजचा खेळ दुरुस्तीचा होता.

“काय बिघडलंय गं?” सासूबाईंनी खाली वाकून विचारलं.

“फरशी.”

“होईल का नीट?”

“उद्या या,” भिंगरी म्हणाली.

आठ महिन्यांपूर्वीची ती दुपार घरात कोणी बोलून दाखवत नसे. सफरचंदाची एक फोड होती, अंगठ्याएवढी. ती स्वतः लेकीपासून दोन हातांवर बसून कामाचा कसलासा अहवाल वाचत होती. पान उलटलं, सहज मान वर केली, तर भिंगरीचा चेहरा काळवंडत चाललेला. आवाज नव्हता. पुढे तिला सगळ्यात जास्त छळलं ते यानंच, की आवाज मुळी झालाच नव्हता. ती उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली, हात पुढे आणि पाय जमिनीला खिळलेले. कशासाठी तरी बाहेर आलेल्या सासूबाईंनी नातीला उचललं, मांडीवर पालथं घातलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये असे काही दणके दिले की फोड उडून त्या अहवालावर पडली.

त्याच संध्याकाळी गाळणी बाहेर निघाली. कामाला ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. कशातून काय अडकतं आणि काय निसटतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. एक गाळणी झाली, मग तिच्याहून बारीक दुसरी, मग कापड. शिजवलेली भाजी गाळलेली, सूप गाळलेलं, दूधसुद्धा गाळलेलं. मग एके दिवशी भिंगरीनं बापाच्या ताटलीतल्या टोस्टकडे हात नेला आणि दुसऱ्या दिवसापासून घरात टोस्ट येईना. पोरीच्या हाताला लागेल असं काही कडक घरातच नको, असं म्हणता म्हणता सगळं घरच मऊ झालं. कुस्करलेले बटाटे, दुधात विरघळवलेला पाव, चमच्यानं कापता येईल अशी अंडी. बिस्किटं गेली, शेंगदाणे गेले, काकडी गेली. तीन मोठ्या माणसांच्या घरात एकाही दाताला काम उरलं नाही.

“मी रोज सकाळी दात घासते तेव्हा वाटतं, हे कशाला? वापरले कुठं होते?” असं सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या. पण तेही हसत, आणि सून खोलीत नसताना, फक्त दार उघडं होतं.

नवऱ्यानं दोन महिने निमूटपणे सूप प्यायलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर जिने चढायचा आणि घरी येऊन वाटीत चमचा फिरवायचा. तिसऱ्या महिन्यात त्याच्या कामाच्या पँटच्या खिशात स्क्रूंच्या जोडीला भाजलेले शेंगदाणे निघाले.

“हे काय?”

“पुराव्यासकट सापडलोय,” तो म्हणाला होता. “आता वकील कुठून आणू?”

मग तह झाला. बाहेर काय खायचं ते खा, चूळ भरून, खिसे झटकून घरात ये. तो रोज दाराबाहेर खिसे उलटे करून उभा राहू लागला. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून.

भिंगरीचं वजन मात्र चार महिने एकाच आकड्यावर अडून बसलं होतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्या आकड्याभोवती पेनानं गोल केला. महिन्याभरात काटा हलला नाही तर दाखल करायचं आणि नाकातून नळी घालून पोषण द्यायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं. नळी कशी जाते ते कागदावर काढूनही दाखवलं. चित्रातल्या मुलाचा चेहरा त्यांनी गोल आणि हसरा काढला होता. तो कागद तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला होता आणि पर्स कपाटाच्या वरच्या खणात.

डॉक्टरांनीच काल त्यांना एका थेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. मुलांना खायला-गिळायला शिकवायचं, एवढंच त्यांचं काम. खोलीत बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या, भिंतीला लांबच लांब आरसा. बाईंनी सफरचंदाची हकीकत ऐकून घेतली, भिंगरीच्या हातात एक कोरडं बिस्किट दिलं आणि दुसरीकडे बघत बसल्या. भिंगरीनं ते उलटसुलट केलं, ओठांपर्यंत नेलं, आईकडे पाहिलं आणि खाली ठेवलं. तीन वेळा तसंच झालं.

“घसा ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या. “जबड्यात जोर आहे. पण तोंडात घालायच्या आधी ती कुठं बघते ते पाहिलंत?”

“माझ्याकडे.”

“तिला काय दिसतं ते बघा एकदा.” बाईंनी नुसता आरशाकडे हात केला.

आरशात एक बाई होती. मान पुढे ताणलेली, तोंड अर्धवट उघडं, एक हात हवेत अधांतरी, जणू समोर कोणी खिडकीच्या कठड्यावर उभं आहे.

“घरी लांब, बारीक, कडक असं काहीतरी करा,” बाई पुढं सांगत होत्या. “मोडताना आवाज येईल, पण तोंडात लगेच भुसभुशीत होईल असं. ब्रेडस्टिक करा. सगळे एकत्र बसून खा. तिला आग्रह नको आणि शाबासकीही नको. घरभर मऊ शिजवून आपण पोराला चावायचं विसरायला लावतो. आणि तुम्ही बघायचं नाही.”

“मी समोर नको बसू?”

“बसा, उभ्या राहा, काहीही करा. बघायचं नाही.”

“आणि काही झालं तर?”

“मागच्या वेळी ज्यांना सुचलं, त्या आहेत ना घरात?”

बाई साधेपणानं म्हणाल्या होत्या, टोचायचं म्हणून नाही. ती नुसती मान हलवून उठली होती.

पीठ झाकून दहा मिनिटं झाली. तिनं लिंबाएवढे गोळे केले आणि ओट्यावर तळव्याखाली एकेक लांबवायला घेतला. मधून जाड, टोकांना निमुळते. नवरा आंघोळ करून केस पुसत आत आला.

“काड्या?” त्यानं ट्रेकडे बघितलं. “म्हणजे आजपासून या घरात काड्या करायला उघड परवानगी आहे?”

“तू गप रे,” सासूबाई म्हणाल्या. “तुला कधी परवानगी लागली होती?”

“मी? आई, शेजाऱ्यांच्या बायकोला त्यांच्या सिगारेटचं कुणी सांगितलं?”

“त्यांच्या भल्यासाठी सांगितलं मी.”

“बघ,” तो बायकोला म्हणाला, “घराणंच आहे हे.”

ती हसली नाही, पण तळव्याखालची काडी थोडी सैल पडली. चमच्याचा आवाज थांबला होता. टेबलाखालून आधी दोन हात आले, मग डोकं.

“मला पण.”

तिनं एक गोळा खाली दिला. भिंगरीनं तो खुर्चीवर ठेवून दोन्ही हातांनी दाबला, लोळवला, त्याच्यावर कोपर टेकवलं. शेवटी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला शेपटी असं काहीतरी तयार झालं.

“ही आजीची,” ती म्हणाली.

“माझी? एवढी जाडी?”

“तू मोठी आहेस ना.”

“मोठी म्हणे,” सासूबाई मुलाला म्हणाल्या. “लेकीला चांगलं बोलायला शिकवलंस.”

ट्रे ओव्हनमध्ये गेला. कृतीत अठरा मिनिटं लिहिली होती. ती ओव्हनच्या काचेसमोर उकिडवी बसली. सहाव्या मिनिटाला दार उघडून बघितलं, नवव्याला पुन्हा. अकराव्या मिनिटाला तिनं ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवला आणि ओव्हन बंद केला. काड्या फिक्या होत्या, रडून आलेल्या मुलासारख्या सुजलेल्या. तिनं एक दाबून पाहिली. बोट आत गेलं. तिला बरं वाटलं.

“झाल्या?” सासूबाई उठून आल्या. त्यांनी एक काडी टोकाशी धरून उचलली. दुसरं टोक हळूहळू खाली झुकलं आणि तसंच लोंबत राहिलं. त्यांनी काडी सुनेच्या डोळ्यांसमोर धरली.

“गरम आहेत म्हणून,” ती म्हणाली. “गार झाल्या की होतील कडक.”

“होतील?”

तिनं काडीकडे बघितलं. मग ट्रेकडे. मिटलेल्या मुठीनं कपाळावरचा केस मागे सारला, तिथं मैद्याचा पट्टा उमटला.

“नाही होणार,” ती म्हणाली.

सासूबाईंनी काडी परत ट्रेमध्ये ठेवली, तिच्या जागी, सरळ करून. ओव्हनचं बटण फिरवलं ते तिनंच. ट्रे आत ढकलताना तो एकदा मध्येच अडकला, तेव्हा तिनं तो बाहेर ओढला नाही, गुडघ्यानं रेटला. मग ओव्हनकडे पाठ करून उभी राहिली आणि मोजू लागली, मोठ्यानं, कारण मनात मोजताना आकडे हरवत होते. नवऱ्यानं मध्येच तिच्या सुरात सूर मिसळला. तो मुद्दाम चुकीचे आकडे घालत होता आणि भिंगरी “नाही, नाही” करत होती. वास सुटला. आठ महिन्यांत या घरात भाजल्याचा वास आला नव्हता. सासूबाईंनी नाक वर करून तो घेतला आणि खिडकी लावून टाकली, बाहेर जायला नको म्हणून.

दुसऱ्यांदा ट्रे बाहेर आला तेव्हा काड्या तांबूस होत्या. तिनं एक ओट्याच्या कडेला आपटली. ती मोडली, आणि तो आवाज ऐकून तिघंही एकदम तिच्याकडे बघायला लागली.

“बसा,” ती म्हणाली. “मी भांडी घासते.”

तिघं टेबलाशी बसली. मध्ये उंच पेला, त्यात काड्या उभ्या, सगळ्यांच्या हाताला येतील अशा. ती सिंककडे तोंड करून उभी राहिली. मागून पहिला घास नवऱ्यानं घेतला. मग सासूबाईंनी. काय ते आवाज! सुक्या पानांतून कोणी बूट घालून चालावं तसे. दोघंही बोलेनात.

“अरे, बोला ना काहीतरी,” ती सिंकमध्ये बघत म्हणाली. “नेहमीसारखं.”

“नेहमीसारखं कोणी बोलायला सांगितलं की सुचत नाही,” तो म्हणाला. “बरं. काल एक बाई अडकली लिफ्टमध्ये, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. मी वरून हाक मारली, घाबरू नका. ती म्हणते, मी घाबरले नाहीये, माझ्याकडे पुस्तक आहे, तुम्ही सावकाश करा. म्हटलं, बाई, तुमच्यासाठी खाली सहा माणसं उभी आहेत. ती म्हणते, त्यांतला एक माझा नवरा असेल, त्याला चालत जायला सांगा.”

“खोटं,” सासूबाई म्हणाल्या.

“आईशप्पथ.”

“माझी शपथ घेऊ नकोस.”

तिच्यासमोर ओट्यावर स्टीलची किटली होती. किटलीच्या पोटात टेबल दिसत होतं, वाकडं, ताणलेलं, आणि टेबलाच्या कडेला एक छोटं डोकं. ते तिला किती वेळ दिसत होतं, आपण किती वेळ तिथंच बघतोय, हे तिला मागाहून कळलं. छोटा हात पेल्याकडे गेला. तिनं ओल्या हातानं किटली उचलली आणि सिंकच्या खाली, जमिनीवर ठेवली. आता समोर नुसती भिंत होती. फरशांच्या मधल्या रेषा तिनं वरून खाली वाचायला घेतल्या.

“मग मी वरची झडप काढली,” नवरा सांगत होता, “टॉर्च मारला, तर ती खरंच खाली बसून वाचतेय. पायांतले बूट काढून शेजारी ठेवलेत. मी म्हटलं...”

कट्.

एवढासा आवाज. पेन्सिलचं टोक मोडावं तसा.

“मी म्हटलं...” नवरा थांबला. घसा साफ केला. “मी म्हटलं, बाई, बूट घाला. मग ती... ती म्हणाली...” त्याचा आवाज कुठंतरी खोल गेला होता. “काय म्हणाली ती, आई?”

“मला काय विचारतोस, मी होते का लिफ्टमध्ये?” सासूबाई खेकसल्या, पण खेकसणं काही नीट जमलं नाही.

कट्. आणि मग बारीक, भरभर, सशासारखं चावणं.

तिनं नळ सोडला नाही. हातातली बशी केव्हाच धुऊन झाली होती, तीच ती फडक्यानं पुसत राहिली. चावणं थांबलं. आता गिळणार.

भिंगरी खोकली.

बशी ओट्यावर पडली. फुटली नाही, गोल गोल फिरत राहिली. तिची टाच उचलली गेली, खांदा वळला.

“बघू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. आवाज वाढवला नव्हता. “खोकतेय ती. ऐक नीट. खोकतेय म्हणजे वारा जातोय. आवाज आहे तोवर काही नाही.”

तिनं ओट्याची कड धरली. खोकला आला, आणखी आला, मग पाण्याचा घोट, पेला टेबलावर ठेवल्याचा टकटकाट. किती क्षण गेले ते ती मोजू शकली नाही, आकडे आठवेनात.

“बोचलं,” भिंगरी तक्रारीच्या सुरात म्हणाली.

“हो का?” सासूबाई म्हणाल्या. “मला पण बोचलं मघाशी.”

“अजून दे.”

बशी फिरायची थांबली. तिनं कपाळ भिंतीच्या गार फरशीला टेकवलं आणि तशीच उभी राहिली. पाठीमागे नवऱ्यानं लिफ्टची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती. या वेळी ती बाई सातव्या मजल्यावर अडकली. कोणी त्याला टोकलं नाही. कट्, कट् असे आवाज येत होते, मोठे आणि छोटे, एकमेकांत मिसळलेले, आणि त्यांतला छोटा कुठला हे ओळखायला तिला आता कान द्यावा लागत नव्हता. तिच्या पाठीतून, मानेच्या खालून, काहीतरी सैल होत खाली उतरत गेलं. आठ महिने आपण खांदे कानापर्यंत उचलून हिंडत होतो हे ते खाली आल्यावर तिला समजलं.

तिच्या कुडत्याला मागून कोणीतरी ओढलं.

“आई. तू नाही खाल्लीस.”

ती वळली. भिंगरी एका हातात अर्धी काडी आणि दुसऱ्या हातात ती शेपटीवाली जाडी काडी घेऊन उभी होती. हनुवटीला चुरा लागला होता.

“ही आजीची ना?”

“आजी म्हणाली आईला दे.”

तिनं घेतली. टेबलापाशी जाऊन बसली. काडी अजून कोमट होती. तिनं टोकाचा तुकडा दातांनी तोडला आणि चावला. छान झाली होती. मीठ बेतशीर होतं, दह्याचा आंबूस वास होता. तिनं आणखी चावला. आणखी. तुकड्याचं पीठ झालं, पिठाचा लगदा झाला, तरी तो तोंडात इकडून तिकडे फिरत राहिला. गिळायचं म्हटलं की घसा मिटून घ्यायचा. ती हसल्यासारखं करत बसली. नवऱ्याच्या प्रथम लक्षात आलं. त्यानं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. तिनं मान हलवली, नको.

शेवटचा कडक घास आपण कधी गिळला होता, ते तिला आठवेना. नवऱ्याचे शेंगदाणे होते. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात बिस्किटं होती, ती तिला माहीत असून तिनं कधी विचारली नव्हती. तिचं स्वतःचं असं कुठं काही लपवलेलं नव्हतं.

आणि समोर भिंगरी उभी होती. टेबलाच्या कडेला हनुवटी लावून, मान पुढे ताणून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ती आईच्या ओठांकडे बघत होती. चुरा लागलेला एक हात हवेतच राहिला होता.

तिनं लगदा गालात सारला.

“असं बघू नकोस गं,” ती म्हणाली. “मला गिळता येत नाही.”

भिंगरीनं क्षणभर विचार केला. मग ती वळली आणि आईकडे पाठ करून सिंकसमोर जाऊन उभी राहिली, अगदी भिंतीला नाक लागेल अशी. दोन्ही हात ओट्याच्या कडेपर्यंत पुरत नव्हते, म्हणून तिनं खालच्या कपाटाची मूठ धरली.

“नाही बघत,” ती भिंतीला म्हणाली.

नवरा खिडकीतून बाहेर बघू लागला. सासूबाईंनी मिठाचा डबा उघडला, आत बघितलं, बंद केला.

ती चावत राहिली. छोटी पाठ समोर होती, फ्रॉकचं वरचं बटण निसटलेलं, मानेवरची केसांची बारीक लव दिसत होती. तिनं डोळे मिटले. घास खाली गेला. नुसता गेला, जसा जातो तसा.

“झालं?” भिंतीकडून आवाज आला.

“झालं.”

“सगळं?”

“सगळं. आ करून दाखवू?”

“दाखव.”

भिंगरी आली, टाचा उंचावून आईच्या तोंडात वाकून पाहिलं, आणि पाण्याची टाकी तपासून झाल्यासारखी मान हलवली. मग पेल्यातून दोन काड्या उपसल्या, एक दातांत धरली, एक हातात, आणि आतल्या खोलीकडे निघाली. चालत नाही, पळत. तोंडात काडी घेऊन, पळत. दारात गेल्यावर तिनं स्वतःभोवती एक गिरकी घेतली, अर्धीच, पण घेतली.

नवरा खुर्चीतून उठला होता. सासूबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“मी जाते,” त्या म्हणाल्या आणि सावकाश, गुडघे सांभाळत, नातीच्या मागे गेल्या.

आता ती टेबलाशी बसली आहे. दुसरी काडी अर्धी खाऊन झाली आहे. नवरा तिच्या कपाळावरचा मैदा पुसायला ओलं फडकं शोधतोय आणि सापडत नाही म्हणून शर्टाच्या बाहीनंच पुसतोय. पर्समधला कागद उद्या काढून टाकायचा की वजन होईपर्यंत ठेवायचा, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. खिडकी उघडायला हरकत नाही, घर वासानं भरून गेलंय. आतून मघापर्यंत चावल्याचा आवाज येत होता. आता येत नाही. सासूबाई आहेत तिथं. तरीही तिनं खुर्चीची बैठक दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवली आहे. उठायचं नाही.

“तुम्ही, वाचणारे, मघापासून बघतच आहात ना सगळं?” ती म्हणते, मान न वळवता. “मला काय, मनाई आहे. मग एवढं करा. जाता जाता आतल्या खोलीत जरा डोकावा. बोलू नका, शाबासकी तर मुळीच नको. काय करतेय तेवढं बघा, आणि मला इथं नुसती मान हलवून सांगा.”